काल सूज नव्हती, आज कशी आली?

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर सहलीची गाडी रिकामी झाली, की मुलांचा पहिला घोळका घोड्यांभोवती जमतो. मोटारी तिथेच थांबतात. पुढे पायी जायचे किंवा घोड्यावरून. अलीकडे थोड्या ई-रिक्षाही आल्या आहेत, पण मुलांचे लक्ष घोड्यांकडेच असते. आमच्या नववीच्या सहलीत एक तपकिरी घोडी जरा बाजूला, झाडाला बांधलेली होती. मागचा डावा पाय तिने नुसता टेकवल्यासारखा केला होता, भार दिला नव्हता. घोट्याच्या सांध्याजवळ हळद माखलेली एक जखम होती. बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसेल. घोडेवाले मामा म्हणाले, "परवा दगडावर घसरली. काल चांगली चालत होती, चंदीपण खाल्ली. आज पहाटे बघतो तर पाय फुगलेला."

एका मुलीने मला विचारले, "सर, मार परवा लागला, मग सूज आज कशी?"

मी सांगितले, की सूज यायला वेळ लागतोच. मुलांचे समाधान झाले, मामांचेही झाले. पुढे एका पशुवैद्य मित्राशी बोलताना कळले, की माझे उत्तर अर्धेच खरे होते. राहिलेले अर्धे त्या घोडीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे होते. ते अर्धे काय, याविषयी हा लेख आहे. घोडा सर्वांच्या दारात नसतो, हे खरे. पण जखम, दाह आणि जंतुसंसर्ग यांतील फरक समजावून घ्यायला घोड्याचा पाय हे फार चांगले उदाहरण आहे.

सूज कशाची बनते?

दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच लिहून ठेवली होती: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आपल्या बोटात काटा मोडला तर चारही दिसतात. घोड्याच्या बाबतीत मात्र पहिले लक्षण बहुधा हाती लागत नाही, कारण दाट केस आणि काळसर कातडी यांखाली लाली लपून जाते. वेदनेविषयी तो बोलत नाही. तेव्हा डोळ्यांनी सूज पाहणे, तळहाताने उष्णता पाहणे आणि चालीवरून वेदना ओळखणे, एवढेच आपल्या हाती उरते.

मार लागताच फुटलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त बाहेर येते आणि कातडीखाली साठते. ही सूज काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत दिसते. लाथ बसल्यावर मांडीवर किंवा छातीवर नारळाएवढे टेंगूळ येते ते याच जातीचे. दाबल्यास पाण्याच्या पिशवीसारखे हलते.

दुसरी सूज दाहाची. इजा झालेल्या पेशींतून काही रसायने सुटतात. त्यांच्यामुळे आसपासच्या केशवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंतींतील फटी मोठ्या होतात. एरवी रक्तातच राहणारी प्रथिने या फटींतून बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी येते, आणि पांढऱ्या पेशीही बाहेर येऊन मेलेल्या ऊतींची व जंतूंची साफसफाई सुरू करतात. हे काम तासातासाने वाढत जाते. म्हणून साध्या, स्वच्छ इजेचीही सूज पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त असू शकते. साधारण एक ते तीन दिवसांत ती शिखरावर पोचते आणि मग उतरू लागते. मी मुलीला दिलेले उत्तर इथपर्यंत बरोबर होते.

ही सूज म्हणजे शरीराची चूक नव्हे. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात जासिंता विल्मिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मोठे घोडे आणि तट्टे यांच्या जखमा भरून येण्याची तुलना केली. तट्टांच्या जखमा लवकर आणि नीट भरत होत्या. दोघांच्या दाहात फरक होता. तट्टांमध्ये दाह सुरुवातीला जोरदार येई आणि लवकर ओसरे. मोठ्या घोड्यांत तो सुरुवातीला मंद असे आणि रेंगाळत राही. ज्याला आपण 'जास्त सूज' म्हणून घाबरतो, ती वेळेवर येऊन वेळेवर गेली तर उपकारकच ठरते. प्रश्न असतो तो रेंगाळणाऱ्या, परत येणाऱ्या किंवा भलत्याच वेळी येणाऱ्या सुजेचा.

जंतूंचे अंकगणित

तिसऱ्या प्रकारची सूज जंतुसंसर्गाची. तिला उशीर का होतो, हे वरच्या वर्गातील मुलांना फळ्यावर गणित मांडून दाखवता येते. खूप ऊब आणि भरपूर अन्न मिळाले तर अनेक जिवाणू अर्ध्या तासात किंवा त्याहूनही कमी वेळात दुप्पट होतात. जखमेत १०० जिवाणू शिरले असे धरा. अर्ध्या तासाने २००, एका तासाने ४००. अशा १० दुपटी झाल्या, म्हणजे ५ तास लोटले, की संख्या होते १,०२,४००. एक ग्रॅम ऊतीत साधारण एक लाख जिवाणू झाले की शरीराच्या बंदोबस्तावर ते मात करू लागतात, असा शल्यवैद्यकातील जुना ठोकताळा आहे. प्रत्यक्ष जखमेत पांढऱ्या पेशी जिवाणूंना सतत मारत असतात, म्हणून वाढ इतकी सरळ होत नाही. कधी जंतू हरतात आणि आपल्याला कळतही नाही. पण जखमेत माती, लीद, काटा किंवा मेलेली ऊती राहून गेली असेल तर पारडे फिरते. ते फिरायला आणि बाहेर दिसायला एक-दोन दिवसांपासून चार-पाच दिवसही लागतात. जखम झाल्यावर पहिल्या काही तासांत ती भरपूर स्वच्छ पाण्याने धुण्याला एवढे महत्त्व का, तेही या गणितातून कळते.

आता गंमत अशी, की दाहाची सूज उतरायला लागते त्याच सुमारास जंतुसंसर्गाची सूज चढायला लागते. एकदाच पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. काल, आज आणि उद्या असे पाहणाऱ्याला मात्र फरक कळतो, कारण एकीचा आलेख खाली चाललेला असतो आणि दुसरीचा वर. तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज, उतरून पुन्हा आलेली सूज, आणि काल बरा चालणारा पण आज जास्त लंगडणारा घोडा, या तिन्हींकडे संशयानेच पाहायला हवे.

पायच का?

घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा आणि मागच्या पायाचा उलटा वाकणारा मोठा सांधा यांच्या खाली मांस जवळजवळ नसते. हाड, दोरखंडासारखे स्नायुबंध आणि वर कातडी, एवढेच. रक्तपुरवठा बेताचा असतो. पायातील रक्त आणि लसिका वर ढकलायला पोटऱ्यांसारखे स्नायू तिथे नाहीत. हे काम बरेचसे खूर करतो. पाऊल टेकले की खुरातील वाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त वर चढते. म्हणून जखमी पाय टेकेनासा झाला की हा पंपही मंदावतो.

याचे दोन परिणाम होतात. पहिला असा, की सूज जिथे जखम तिथेच दिसते असे नाही. पातळ द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतो. मार गुडघ्याच्या वर बसला तरी फुगतो घोटा. छातीला लागले तर दोन दिवसांनी पोटाखाली पट्टा दिसतो. अशी उतरलेली सूज सहसा गार असते, फारशी दुखत नाही, आणि बोट दाबून काढले की खळगा काही क्षण तसाच राहतो. दुसरा परिणाम असा, की काहीही इजा नसताना रात्रभर बांधून ठेवलेल्या घोड्याचे दोन्ही मागचे पाय सकाळी भरलेले दिसतात. फिरवून आणले की ते उतरतात. अनुभवी घोडेवाल्याला हे ठाऊक असते आणि तो त्याची फिकीर करत नाही.

पण याच सवयीने घात होतो. सूज एकाच पायाला असेल, हाताला गरम लागत असेल, बोट लावताच घोडा पाय ओढून घेत असेल आणि फिरवूनही उतरत नसेल, तर ती कातडीखालच्या ऊतींतील जंतुसंसर्गाची असू शकते. पाय काही तासांत खांबासारखा होतो आणि ताप चढतो. अशा वेळी जखम शोधूनही सापडत नाही, कारण जंतू आत शिरायला काट्याचा ओरखडा पुरेसा असतो.

लहान जखम आणि मोठे भोक

आता त्या तपकिरी घोडीकडे येऊ. तिची जखम लहान होती, पण सांध्याजवळ होती. मित्राने पहिला प्रश्न विचारला तो याच गोष्टीचा. जखम किती मोठी, हे त्याने विचारलेच नाही. "कुठे आहे?" एवढेच विचारले. मांडीवर वीतभर कातडी फाटून लोंबत असली तर पाहणाऱ्याला घेरी येते, पण तिथे भरपूर मांस आणि रक्तपुरवठा असल्याने ती जखम बहुधा भरून येते. घोट्याजवळचे पेराएवढे भोक कातडीतून सरळ सांध्याच्या पिशवीत गेलेले असू शकते.

सांध्यात वंगणासारखा पिवळसर, चिकट द्रव असतो. हायलुरॉनिक आम्लामुळे त्याला चिकटपणा येतो; निरोगी द्रवाचा थेंब अंगठा व बोट यांमध्ये धरून ताणला तर तार निघते. जखमेतून असा तार निघणारा द्रव येत असेल तर सांधा उघडा पडला असे समजावे. तसा तो दिसला नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नये, कारण दाह झाला की तो पातळ होतो आणि तार निघत नाही.

जंतूंच्या दृष्टीने हा सांधा म्हणजे आयती खोली. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आणि तोंडातून किंवा सुईने दिलेले प्रतिजैविक आत पुरेसे पोचेलच असे नाही. भरीला, तिथे आलेल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी जी विकरे सोडतात, तीच कूर्चाही झिजवतात. गेलेली कूर्चा पूर्वीसारखी परत येत नाही.

मग घोडी आदल्या दिवशी चांगली कशी चालत होती? भोक उघडे असेपर्यंत सांध्यातला द्रव बाहेर झिरपत राहतो, त्यामुळे आत दाब वाढत नाही आणि दुखणेही बेताचेच असते. एक-दोन दिवसांत भोकावर खपली धरते, सूज आणि पू आत कोंडतात, दाब वाढतो आणि घोडा एकाएकी तीन पायांवर येतो. मामांना 'जखम सुकली' असे वाटले तेव्हाच ती सर्वांत धोक्याची झाली होती. आधी बरे चालणे आणि नंतर पाय न टेकणे हा क्रमच निदानाचा मोठा धागा आहे.

पशुवैद्य अशा वेळी जखमेपासून दूर, स्वच्छ केलेल्या जागेतून सांध्यात सुई घालतात. निघालेल्या द्रवात पांढऱ्या पेशी मोजतात: निरोगी सांध्यात एका घन मिलिमीटरला काहीशेच असतात, ३० हजारांच्या वर गेल्या तर जंतुसंसर्ग धरून चालतात. त्याच सुईतून निर्जंतुक क्षारजल आत सोडले आणि ते जखमेतून बाहेर आले, तर भोक सांध्यापर्यंत गेल्याची खात्री होते. उपाय म्हणजे सांधा भरपूर द्रवाने आतून धुऊन काढणे आणि योग्य प्रतिजैविक देणे. हे पहिल्या चोवीस तासांत झाले तर आशा बरीच असते, आणि प्रत्येक वाया गेलेल्या दिवसागणिक ती कमी होते.

सूज आहे, पण जंतू नाहीत

उशिरा येणारी प्रत्येक सूज जंतूंचीच, असेही नाही. घोड्याच्या पुढच्या पायाच्या बगलेत खोल जखम झाली की चालताना ती भात्यासारखी उघडझाप करते आणि प्रत्येक पावलाला हवा आत ओढते. ही हवा कातडीखालून पसरत जाते. दोन-तीन दिवसांनी छाती, खांदा, मान फुगलेली दिसतात, कधी पाठसुद्धा. हात फिरवला तर कुरमुऱ्यांच्या पिशवीवर हात फिरवल्यासारखे कुरकुरते. सूज गरम नसते आणि घोडा चंदी खात असतो. याला घोड्याला अजिबात न फिरवणे आणि पशुवैद्याकडून जखम नीट बंद करून किंवा भरून घेणे, हा उपाय. हवा छातीच्या पोकळीपर्यंत गेली तर श्वास अडतो, म्हणून हेही दुर्लक्ष करण्यासारखे नाही. उलट, तशीच कुरकुर गरम आणि अतिशय दुखऱ्या सुजेत लागली, घोडा मलूल असला आणि ताप असला, तर वायू तयार करणारे जंतू स्नायूंत वाढत असण्याची शक्यता असते, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

काही गोष्टी आठवड्यांनी उगवतात. नळीच्या हाडावर लाथ बसली की हाडाचा एखादा पापुद्रा रक्तपुरवठा तुटून मरतो. वरची जखम भरते, पुन्हा फुटते, थोडा पू येतो, पुन्हा भरते. आतला मेलेला तुकडा निघेपर्यंत हे असेच चालते. धनुर्वाताला तर सुजेचीही गरज नसते. निकोलायर यांनी १८८४ मध्ये दाखवले की बागेतली माती प्राण्यांना टोचली तर धनुर्वात होतो. कितासातो यांनी १८८९ मध्ये त्याचा जिवाणू वेगळा वाढवला. या जिवाणूची बीजे मातीत आणि लिदीत असतात, आणि घोडा हा त्याच्या विषाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांपैकी एक. एक ते तीन आठवड्यांनी, जखम विसरली गेलेली असताना, घोडा ताठ चालू लागतो, कान ताठरतात आणि डोळ्यावर आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी सरकते. लस आधी टोचलेली असेल तर हे टळते.

सुजलेला पाय पाहताना दुसऱ्या पायाकडेही पाहायला हवे. अमेरिकेत २००६ साली केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचा उजवा मागचा पाय त्याच वर्षी २० मे रोजी शर्यतीत मोडला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण जुलैमध्ये भार पेलणाऱ्या डाव्या पायाच्या खुरातील, हाडाला नखाशी बांधून ठेवणाऱ्या पापुद्र्यांना दाह झाला. पुढे इतर पायांनाही त्रास सुरू झाला आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावे लागले.

थर्मामीटर, फीत आणि वही

मित्राने मामांसाठी सांगितलेली साधने तीनच होती. घोड्याचे तापमान विश्रांतीत साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. म्हणजे ज्या ३८ अंशांना आपण मुलाला घरी ठेवतो, ते घोड्याचे नेहमीचेच. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, उन्हातून किंवा कामावरून आल्या आल्या नव्हे, तर थोडा विसावा देऊन गुदद्वारात मोजायचे. थर्मामीटरला दोरी बांधायची आणि मागे नव्हे, बाजूला उभे राहायचे. नाडी जबड्याच्या खालच्या कडेवर लागते: मिनिटाला २८ ते ४४. सूज मोजायला शिंप्याची फीत. मोजायची जागा दर वेळी तीच हवी, म्हणून केसांवर खडूची खूण करायची आणि समोरचा निरोगी पायही मोजायचा. शेवटी चाल, आणि चंदी संपवली की तोबऱ्यात राहिली, हे लिहायचे.

आकडे एकेकटे फारसे बोलत नाहीत. ३८.४ अंश हे ठीकच, पण सोमवारी ३७.६, मंगळवारी ३८.० आणि बुधवारी ३८.४ असेल तर थांबू नये. प्रयोगशाळेतही हेच तत्त्व आहे. सीरम अमायलॉइड ए नावाचे प्रथिन निरोगी घोड्याच्या रक्तात जवळजवळ नसते. इजेनंतर काही तासांत ते वाढू लागते आणि सुमारे दोन दिवसांत शिखर गाठते. स्वच्छ शस्त्रक्रियेनंतरही ते वाढते, म्हणून एका चाचणीवरून फारसे कळत नाही. दोन दिवसांनी पुन्हा तपासल्यावर ते उतरले की चढले, हे पाहतात.

एक चूक मात्र सर्रास होते. पाय दुखतो म्हणून लगेच वेदनाशामक दिले जाते. ही औषधे दाह, ताप आणि लंगडणे तिन्ही कमी करतात, म्हणजे वहीतल्या तिन्ही रकान्यांना खोटे बोलायला लावतात. पशुवैद्याने दिली तर द्यावीत, पण औषध कधी दिले ते वहीत लिहून. माणसांच्या गोळ्या परस्पर देण्यात आणखी धोके आहेत. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मेली आणि भारतात २००६ साली ते जनावरांसाठी बंद करावे लागले, हे मुलांना पर्यावरणाच्या धड्यात भेटलेले असतेच.

सहलीनंतर दोन महिन्यांनी मी मामांना फोन केला. घोडीला खाली नेईपर्यंत आणखी दोन दिवस गेले होते. "जगली," ते म्हणाले, "पण घोटा वाकत नाही पहिल्यासारखा. सवारीला लावत नाही." हंगामात त्या घोडीवरच त्यांचे घर चालत होते.

वर्गात घोडा आणता येणार नाही, पण मोजमाप करता येईल. मुलांना आपल्याच घोट्याभोवती शाईची खूण करून सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना फितीने आठवडाभर मोजायला सांगावे. दिवसभर उभे राहणाऱ्या आईचे किंवा बाबांचे घोटेही मोजावेत. संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा किती बदलतो, दोन्ही पाय सारखेच बदलतात का, आणि एकच माणूस दोनदा मोजताना किती चुकतो, हे आधी नोंदवावे. मग खेळताना कोणाचा पाय मुरगळला, तर त्याचा आलेख त्याच कागदावर काढता येईल.